आरोप झालेल्या गायक-वादकांनी पुन्हा मंचावर यावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०१८ मध्ये कर्नाटक संगीतातील अनेक विद्यार्थिनींनी आणि कलावंत स्त्रियांनी लैंगिक छळाचे आपापले अनुभव समाजमाध्यमांवर मांडले. त्याच महिन्यात चेन्नईच्या म्युझिक अकादमीने आपल्या डिसेंबर हंगामातून सात कलाकारांची नावे वगळली. त्याच्या आगेमागे भोपाळ, मुंबई, न्यूयॉर्क, लंडन अशा निरनिराळ्या ठिकाणच्या संगीतविश्वात तशीच प्रकरणे पुढे आली. पहिली खळबळ ओसरली की मागे एकच प्रश्न उरतो: हा कलाकार पुन्हा गाणार का, आणि त्याला कोण बोलावणार? आयोजक, रसिक आणि संगीत शिकणाऱ्या मुलामुलींचे पालक या संदर्भात जे नेहमी विचारतात, त्याची उत्तरे येथे दिली आहेत. ज्यांनी आरोप नाकारले आहेत, त्यांचा नकार त्या त्या ठिकाणी नोंदवला आहे.

आरोप सिद्ध होण्याआधीच कलाकाराला मंच नाकारणे हा अन्याय नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. फौजदारी न्यायालयात गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष धरला जातो, कारण तिथे त्याचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. मैफलीचे आमंत्रण त्या पंगतीत बसत नाही. कोणतेही संगीत मंडळ वर्षाकाठी मोजकेच कार्यक्रम करते, उरलेल्या शेकडो गुणी कलाकारांना बोलावत नाही आणि त्याचे कारणही कोणाला देत नाही. त्यामुळे चौकशी पूर्ण होईपर्यंत आमंत्रण पुढे ढकलणे ही शिक्षा ठरत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्यातही चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीच्या लेखी विनंतीवरून दोघांपैकी एकाची बदली करण्याची किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. दोष ठरवण्यापूर्वी अंतर राखणे कायद्यालाही मान्य आहे, असा त्याचा अर्थ.

जाहीर पत्रक काढून, कारणासह नाव वगळणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ते शिक्षेच्या फार जवळ जाते आणि निदान प्राथमिक चौकशीशिवाय करू नये, असे माझे मत आहे. ज्याला वगळले त्याने परत यायचे असेल तर कोणत्या वाटेने यायचे, हे वगळतानाच लिहून ठेवले पाहिजे. नाही तर पुढे सगळे ओळखी-पाळखीवर आणि लोकांच्या विस्मरणावर अवलंबून राहते.

सगळे आरोप एकाच तागडीत तोलायचे का?

अर्थातच नाही. इंग्रज संगीत संचालक जॉन एलियट गार्डिनर यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्समधील एका महोत्सवात कार्यक्रमानंतर एका गायकाला पडद्यामागे मारले. ते त्यांनी नाकारले नाही, माफी मागितली आणि काही काळ काम थांबवले. विद्यार्थिनीकडे वारंवार लैंगिक मागणी केल्याचा आरोप याहून वेगळ्या जातीचा आहे, आणि पीडित अल्पवयीन असेल तर मंचाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी पोलिसांकडे जावे लागते: २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी आहे आणि ती दडवणे हाही गुन्हा आहे. ‘मंडळाची बदनामी नको’ म्हणून गप्प बसणाऱ्या पदाधिकाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसते.

किती वर्षांनी परतणे योग्य ठरते?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि माझ्या मते तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. वर्षे मोजल्याने काहीच सिद्ध होत नाही. कलाकार दोन वर्षे घरी बसला, त्या काळात कोणी त्याची चौकशी केली नाही, कोणी तक्रारदाराशी बोलले नाही आणि मग एका संध्याकाळी तो पुन्हा तानपुरे जुळवून बसला, तर त्या दोन वर्षांत फक्त लोकांची आठवण पुसट झाली.

ऑपेरा गायक प्लॅसिडो डोमिंगो यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१९ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मिळून वीस स्त्रियांचे आरोप प्रसिद्ध केले. डोमिंगो सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातून बाहेर पडले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉस एंजेलिस ऑपेराचे प्रमुखपद सोडले. गायकांच्या अमेरिकन संघटनेच्या चौकशीचा निष्कर्ष फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्याविरुद्ध गेला. लॉस एंजेलिस ऑपेराने नेमलेल्या वकिलांनी मार्चमध्ये तक्रारी विश्वसनीय असल्याचे म्हटले, मात्र कामाच्या बदल्यात संबंधांची मागणी केल्याचा किंवा सूड उगवल्याचा पुरावा मिळाला नाही, असेही नोंदवले. इतके सगळे झाल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये ते इटलीतील कासेर्ता येथे पुन्हा गायले. अमेरिकेतील दरवाजे बंदच होते. युरोपातील काही उघडेच राहिले होते. दोन्हीकडे कालावधी सारखाच गेला होता. फरक होता तो त्या त्या संस्थेने स्वतःला काय विचारले, याचा.

आयोजकाने वर्षांऐवजी वेगळ्या गोष्टी विचाराव्यात. चौकशी झाली का, आणि ती करणारे लोक कलाकाराच्या प्रभावाबाहेरचे होते का? तक्रार करणाऱ्या व्यक्तीला शेवटी काय ठरले हे कळवले गेले का, की तिलाही ते वर्तमानपत्रातूनच समजले? कलाकाराने स्वतः काय मान्य केले? आणि त्याच्या कामाच्या पद्धतीत, म्हणजे शिकवण्यात, प्रवासात, साथीदार निवडण्यात, डोळ्यांना दिसेल असा कोणता बदल झाला? यांपैकी एकाचेही उत्तर देता येत नसेल, तर दहा वर्षे उलटली तरी परतीची वेळ झालेली नाही.

मंचावर गाणे आणि शिष्य शिकवणे यांत फरक करावा का?

करावाच, आणि या संपूर्ण विषयात सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

आपल्याकडच्या मैफलीची तयारी कशी होते ते पाहा. आठवडाभर आधी मंडळाच्या कार्यवाहांना फोन येतो. बुवांबरोबर तबलजी, पेटीवाले आणि तानपुऱ्यावर दोन विद्यार्थिनी असतील, असे सांगितले जाते. कार्यवाह मानधन, गाडीची वेळ आणि जेवणाचे पथ्य लिहून घेतात. खोल्या किती लागतील असे विचारले की, ‘मुली घरच्याच आहेत, करा काहीतरी ॲडजस्ट,’ असे उत्तर येते. मुलींची नावे जाहिरातीत नसतात आणि मानधनाच्या पाकिटातही बहुधा त्यांचा वाटा नसतो. गुरूंच्या मागे बसायला मिळणे हेच त्यांचे मानधन मानले जाते. मैफल उत्तररात्रीपर्यंत चालते, मग जेवण होते आणि पंडितजी ‘आज मारवा कसा लागला’ यावर बोलायला कोणाला तरी खोलीत बोलावतात. त्या मुलीने नाही म्हटले, तर पुढच्या दौऱ्यावर तानपुऱ्यामागे दुसरी मुलगी असते.

मंचावर हजार डोळे रोखलेले असतात. तिथे सहसा कोणी कोणाला त्रास देत नाही. त्रास होतो तो शिकवणीच्या बंद दारामागे, प्रवासात, निवासी गुरुकुलात, परीक्षेच्या आणि शिष्यवृत्तीच्या शिफारशीत. मेट्रोपॉलिटन ऑपेराचे चार दशके संगीत दिग्दर्शक राहिलेले जेम्स लिव्हाइन यांच्यावर डिसेंबर २०१७ मध्ये झालेल्या आरोपांपैकी कित्येक घटना तक्रारदारांच्या विद्यार्थिदशेतल्या होत्या. लिव्हाइन यांनी आरोप नाकारले. संस्थेने सत्तरहून अधिक लोकांचे जबाब घेऊन मार्च २०१८ मध्ये त्यांना काढून टाकले. भोपाळच्या ध्रुपद संस्थानासंबंधी सप्टेंबर २०२० मध्ये जे आरोप पुढे आले, तेही निवासी शिक्षणाच्या वातावरणाशी निगडित होते. आरोप झालेल्यांपैकी एक गुरू, रमाकांत गुंदेचा, नोव्हेंबर २०१९ मध्येच निवर्तले होते. त्यांचे बंधू अखिलेश यांनी आरोप नाकारले आणि संस्थेने चौकशी समिती नेमली. (आरोपांना उत्तर देण्यासाठी व्यक्ती हयात नसली, तरी संस्थेची जबाबदारी तिच्याबरोबर संपत नाही, गुरुकुलाची व्यवस्था तशीच चालू असते.)

असे असूनही बंदी येते ती बहुधा मंचावरच, कारण ती जाहिरातीत दिसते. शिकवणी मात्र घरी निर्वेध चालू राहते. म्हणून परतीचा क्रम उलटा असावा, असे मी सुचवीन. मोकळ्या सभागृहात, प्रौढ साथीदारांबरोबर, विद्यार्थी सोबत न आणता केलेला एखादा कार्यक्रम तुलनेने आधी होऊ शकतो. एकट्याने शिकवणे, शिबिरे घेणे, परीक्षक म्हणून बसणे आणि शिष्यांना दौऱ्यावर नेणे या गोष्टी सर्वांत शेवटी, आणि काही प्रकरणांत कधीच नाही. हा क्रमही निर्दोष नाही. मंचावरच्या कीर्तीमुळेच नवे शिष्य घरापर्यंत येतात. त्यामुळे मंच देताना शिकवण्याबद्दलची अट कलाकाराकडून लिहून घेतली नाही, तर मंडळ नकळत त्याच्या शिकवणीचीच जाहिरात करत असते.

गुरू-शिष्य परंपरेला २०१३ चा कायदा लागू होतो का?

संगीत विद्यालय, विद्यापीठाचा विभाग, ट्रस्ट किंवा महोत्सव भरवणारी संस्था यांना निश्चितच लागू होतो; कायद्याने शैक्षणिक आणि मनोरंजनाच्या क्षेत्रातील संस्थांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. पीडित स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे असे बंधन नाही, आणि कामानिमित्त जिथे जावे लागते ते ठिकाण व तिथवरचा मालकाने पुरवलेला प्रवासही कामाच्या ठिकाणात मोडतो. दहा किंवा अधिक लोक काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

खरी अडचण एकट्याने घरी शिकवणाऱ्या गुरूच्या बाबतीत येते. नोंदणी नाही, फीची पावती नाही, बहुतेक वेळा फीच नाही, फक्त शिष्यत्वाचा गंडा बांधलेला असतो. अशा घराला कामाचे ठिकाण म्हणायचे का, यावर वाद घालता येतो आणि तो घातलाही जातो. फौजदारी कायद्याचा मार्ग मात्र तिथेही मोकळा असतो.

तक्रारी इतक्या उशिरा का येतात?

२०१३ च्या कायद्याखाली तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते आणि समिती ती मुदत फार तर आणखी तीन महिने वाढवू शकते. ज्या क्षेत्रात एका गुरूकडे दहा-बारा वर्षे शिकावे लागते आणि त्यांच्याच शब्दावर पहिली मैफल मिळते, तिथे सहा महिन्यांत त्यांच्याविरुद्ध बोलायचे म्हणजे आपले गाणे तिथेच थांबवायचे. मुदत निघून गेल्यावर बोलण्याची जागा उरते ती समाजमाध्यमांची. एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केल्यावरून पत्रकार प्रिया रमाणी यांच्याविरुद्ध भरलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांची निर्दोष मुक्तता केली, तेव्हा स्त्रीला आपली तक्रार कोणत्याही व्यासपीठावर आणि काही दशकांनंतरही मांडण्याचा हक्क आहे, असे नमूद केले होते.

चौकशीत काहीच सिद्ध झाले नाही, तर कलाकार निर्दोष मानायचा ना?

चौकशी झाली आणि आरोप खोटा ठरला, चौकशी झाली पण पुरावा अपुरा पडला, आणि चौकशी झालीच नाही, या तिन्ही अवस्था सर्रास एकाच शब्दात गुंडाळल्या जातात, तो शब्द म्हणजे ‘क्लीन चिट’. पहिल्या अवस्थेत कलाकाराला सन्मानाने, जाहीरपणे आणि विनाविलंब परत बोलावले पाहिजे. तिथे कुरकुर करणारे आयोजक अन्याय करतात. दुसरी अवस्था सर्वांत अवघड. कायदासुद्धा सांगतो की तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी किंवा द्वेषमूलक ठरत नाही. तिसऱ्या अवस्थेत कोणताच निष्कर्ष निघालेला नसतो.

संगीतकार अनु मलिक यांच्यावर २०१८ मध्ये काही स्त्रियांनी आरोप केले, ते त्यांनी नाकारले. ते ‘इंडियन आयडॉल’च्या परीक्षक मंडळातून बाहेर पडले, २०१९ मध्ये परतले, टीकेनंतर नोव्हेंबरमध्ये पुन्हा बाहेर पडले. राष्ट्रीय महिला आयोगाने वाहिनीकडे विचारणा केली होती. तक्रारदाराकडून पुढे प्रतिसाद आणि पुरेसा पुरावा न आल्याने जानेवारी २०२० मध्ये आयोगाने प्रकरण बंद केले, आणि २०२१ मध्ये ते पुन्हा परीक्षकाच्या खुर्चीत बसले. यातून दोष सिद्ध झाला असे म्हणता येत नाही, तसेच साक्षीपुरावे तपासून निर्दोषत्व ठरले असेही म्हणता येत नाही. जाणे-येणे झाले ते लोकक्षोभाच्या भरती-ओहोटीप्रमाणे. कलाकारालाही अशा परतीतून काही मिळत नाही, कारण तिच्यामुळे शंका मिटत नाही.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये उलटा अनुभव आला. २०१८ मध्ये दोन वादकांना गैरवर्तनाच्या आरोपांवरून काढण्यात आले, त्यांनी आरोप नाकारले आणि २०२० मध्ये लवादाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. एप्रिल २०२४ मध्ये एका नियतकालिकाने सारे प्रकरण तपशिलात छापल्यावर वाद्यवृंदातूनच अस्वस्थता व्यक्त झाली, दोघांना पुन्हा बाजूला ठेवले गेले आणि नव्या चौकशीनंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना यापुढे न ठेवण्याचा निर्णय झाला. लवादाचा आदेश खुर्ची मिळवून देऊ शकतो. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याचा विश्वास मात्र कोणत्याही आदेशाने मिळत नाही, आणि शंभर जणांनी एका श्वासात वाजवायचे असेल तर तो लागतोच.

कलाकाराने माफी मागितली तर?

माफी कशाबद्दल मागितली आहे ते नीट वाचावे. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ ही माफी नव्हे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. डोमिंगो यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये प्रथम जबाबदारी स्वीकारणारे निवेदन दिले. काही दिवसांतच दुसरे निवेदन काढून आपण कोणाशी आक्रमकपणे वागलो नाही आणि कोणाच्या कारकिर्दीला धक्का लावला नाही, असे सांगितले. पहिल्या निवेदनाने जे कमावले होते ते दुसऱ्याने घालवले. माफी जिची मागायची तिच्यापर्यंत ती तिच्या इच्छेनेच पोहोचावी, आणि माफ करणे तिच्यावर बंधनकारक नाही, हेही आयोजकांनी लक्षात ठेवावे. ‘तिने माफ केले आहे’ असे कलाकाराच्याच तोंडून ऐकून कार्यक्रम ठरवणारे लोक आपल्या क्षेत्रात पुष्कळ आहेत.

तिकिटे तर संपतात. रसिकांनी टाळ्या वाजवल्या म्हणजे निकाल लागला नाही का?

पहिले आरोप छापून आल्यानंतर दोनच आठवड्यांनी साल्झबुर्गच्या महोत्सवात डोमिंगो यांना प्रेक्षकांनी उभे राहून दाद दिली. श्रोत्यांना त्यांचे गाणे आवडते, इतकेच त्यातून कळले.

जुनी ध्वनिमुद्रणे ऐकावीत का?

ज्याने त्याने ठरवावे. मंच, मानधन आणि शिष्य यांचा प्रश्न त्याने सुटत नाही आणि बिघडतही नाही, म्हणून येथे त्यावर अधिक जागा खर्च करत नाही.

कलाकाराचे, आणि त्याच्या साथीदारांचे, पोट कसे भरणार?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू नेहमीच शुद्ध नसतो, पण प्रश्न खरा आहे. मोठ्या नावाच्या कलाकाराकडे साठवण असते. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षे वाजवणाऱ्या तबलजीच्या किंवा संवादिनीवादकाच्या घरचा खर्च पुढच्या तीन तारखांवर चालतो. कार्यक्रम रद्द झाला की ज्याच्यावर आरोप नाही त्याचेही मानधन बुडते. मंडळाने तारीख मागे घेतली असेल, तर त्याच साथीदारांना दुसऱ्या गायकाबरोबर तीच तारीख द्यावी किंवा ठरलेल्या मानधनाचा काही भाग द्यावा. खर्च फार येत नाही आणि साथीदाराला गप्प बसवणारी सर्वांत मोठी भीती त्यामुळे कमी होते. पडद्यामागे काय चालते हे साथीदारांइतके कोणालाच ठाऊक नसते.

आरोप झालेल्या कलाकाराच्या उपजीविकेचे म्हणाल, तर संगीतरचना, नोटेशनचे काम, स्वतःचे ध्वनिमुद्रण यांवर कोणी बंदी घातलेली नसते. गार्डिनर यांना त्यांनीच स्थापन केलेल्या मॉन्टेवर्दी गायकवृंदाने व वाद्यवृंदांनी जुलै २०२४ मध्ये परत न घेण्याचे जाहीर केले. त्यांनी त्याच वर्षी नवा संच उभा करून डिसेंबरपासून कार्यक्रम सुरू केले. एका संस्थेने नकार दिला म्हणजे माणसाचे संगीत संपत नाही.

ज्या स्त्रीने तक्रार केली, तिच्या परतीचे काय?

हा प्रश्न खरे तर फारसा विचारला जात नाही. तो वारंवार विचारला जावा, म्हणून या यादीत घेतला आहे.

चिन्मयी श्रीपाद यांचा आवाज महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. ‘सैराट’मध्ये अजय गोगावले यांच्याबरोबर ‘सैराट झालं जी’ गाणाऱ्या त्याच. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी तमिळ गीतकार वैरमुत्तू यांच्यावर आरोप केले, ते वैरमुत्तू यांनी नाकारले. पुढच्याच महिन्यात तमिळनाडूतील डबिंग कलाकारांच्या संघटनेने वर्गणी थकल्याचे कारण देऊन चिन्मयी यांचे सदस्यत्व काढले आणि तमिळ चित्रपटांतील त्यांचे डबिंगचे काम थांबले. जवळपास पाच वर्षांनी, २०२३ मधील ‘लिओ’ चित्रपटात, अभिनेत्री त्रिशा यांच्यासाठी त्यांचा आवाज पुन्हा तमिळमध्ये ऐकू आला, तोही दिग्दर्शकाने आग्रह धरला म्हणून. ज्यांच्यावर आरोप झाला ते त्या काळात गीते लिहीत होतेच.

म्हणजे बोलण्याची किंमत तिने पाच वर्षे मोजली आणि ‘परतावे का’ ही चर्चा मात्र दुसऱ्याच कोणाबद्दल चालली. हिंदुस्थानी संगीतात हे आणखी मुकाट्याने घडते. गुरूविरुद्ध बोललेली शिष्या घराण्याबाहेर पडते. तिची तालीम अर्धवट राहते, दुसरे गुरू ‘त्यांच्याकडची मुलगी, कशाला भानगड’ म्हणून शिकवायला घेत नाहीत, आणि ती नेमकी कोणामुळे गायची थांबली याची कुठेच नोंद होत नाही. महोत्सवाच्या समितीसमोर एखाद्या कलाकाराच्या परतीचा ठराव येईल, तेव्हा त्याच बैठकीत तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या कार्यक्रमाचा, शिष्यवृत्तीचा किंवा दुसऱ्या गुरूकडच्या तालमीच्या खर्चाचा विषयही घ्यावा. तिला बोलावणार नसाल, तर त्यालाही बोलावू नका. इतका साधा हिशेब मला पुरेसा वाटतो.

पुरस्कार देण्याबाबत काय धोरण असावे?

पुरस्कारासाठी कसोटी मंचापेक्षा कडक हवी, कारण पुरस्काराने संस्था त्या व्यक्तीला आदर्श म्हणून पुढे ठेवते. केरळमधील ओएनव्ही सांस्कृतिक अकादमीने २०२१ मध्ये वैरमुत्तू यांना पुरस्कार जाहीर केला, त्यावर टीका झाली, अकादमीने फेरविचार करण्याचे ठरवले आणि वैरमुत्तू यांनी स्वतःच तो नाकारला. हा विचार नाव जाहीर करण्यापूर्वी झाला असता, तर सर्वांचीच अवघड परिस्थिती टळली असती.

आम्ही परदेशातील मराठी मंडळ चालवतो. इथे भारतीय कायदा लागू नाही. आम्ही काय करावे?

तुमच्याकडे धोका उलट अधिक आहे. दौऱ्यावर आलेले कलाकार पुष्कळदा हॉटेलऐवजी सभासदांच्या घरी उतरतात, बैठक दिवाणखान्यात होते, दुसऱ्या दिवशी तिथेच मुलांसाठी कार्यशाळा होते. शिवाय एका देशात दार बंद झाले की कलाकार दुसरीकडे वळतो, हा जगभरचा अनुभव आहे: संगीत संचालक शार्ल द्युत्वा यांच्यावर डिसेंबर २०१७ मध्ये आरोप झाले, त्यांनी ते नाकारले, बोस्टनच्या वाद्यवृंदाला आपल्या चौकशीत ते विश्वसनीय वाटले, आणि २०१८ मध्येच सेंट पीटर्सबर्गच्या वाद्यवृंदाने त्यांना प्रमुख पाहुणे संचालक म्हणून नेमले. तेव्हा कलाकाराला निवास स्वतंत्र द्यावा, मुलांच्या कार्यशाळेत पालकांपैकी किमान दोघांनी शेवटपर्यंत बसावे, आणि त्याच दौऱ्यातील आधीच्या शहराच्या मंडळाला फोन करून स्पष्ट विचारावे. हा फोन करायला बहुतेकांना संकोच वाटतो. करावा.

आमचे मंडळ छोटे आहे, अंतर्गत समिती नेमण्याइतकी माणसेच नाहीत. तरी काही करता येईल का?

दहापेक्षा कमी माणसे असतील तर समिती नेमण्याचे बंधन नाही, पण तुमच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून मिळवून तो कलाकारांच्या खोलीत आणि सूचना फलकावर लावता येतो. दहा किंवा अधिक माणसे असूनही समिती नसेल, तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही कार्यकारिणीला एकदा वाचून दाखवावे.

बाकीचे काम कागदावरचे आहे. कलाकाराला पाठवायच्या पत्रात मानधन आणि प्रवासखर्चाच्या खाली चार ओळी वाढवाव्यात: साथीला येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे नाव व वय आधी कळवावे, विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र खोली मंडळ देईल, तानपुऱ्यावर बसणाऱ्यांना मंडळ थेट, त्यांच्या हातात मानधन देईल, आणि गैरवर्तनाची तक्रार आल्यास चौकशी पूर्ण होईपर्यंत कार्यक्रम पुढे ढकलण्याचा अधिकार मंडळाकडे राहील. हे पत्र सर्व कलाकारांना सारखेच जावे, ज्येष्ठांनाही. एखाद्या ज्येष्ठ कलाकाराने त्यावर रागावून तारीख परत केली, तर ती तारीख तरुण गायिकेला द्यावी. अशा गायिका प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि त्या बोलावण्याची वाट पाहत आहेत.